देवांच्या घरचे हास्य

१

२१ एप्रिल १९७१ रोजी आइसलँडची राजधानी रेक्याविक येथील बंदरात एक डॅनिश युद्धनौका येऊन थांबली, तेव्हा धक्क्यावर हजारो माणसे तिची वाट पाहत उभी होती. त्या नौकेतून कोणी राजा किंवा विजयी सेनापती उतरणार नव्हता. उतरणार होती दोन जुनी हस्तलिखिते. त्यांपैकी एकाचे नाव ‘कोडेक्स रेगियस’, म्हणजे ‘राजाचा ग्रंथ’. आकाराने लहान, काळवंडलेल्या पंचेचाळीस चर्मपत्रांचा हा ग्रंथ सुमारे १२७० मध्ये आइसलँडमध्ये लिहिला गेला. मधली आठ पाने केव्हाच हरवलेली. १६४३ मध्ये तो बिशप ब्रिन्योल्फुर स्वेनसोन यांच्या हाती आला आणि १६६२ मध्ये त्यांनी तो डेन्मार्कचा राजा तिसरा फ्रेडरिक याच्याकडे पाठवून दिला. आइसलँड तेव्हा डेन्मार्कच्या सत्तेखाली होते. पुढे १९४४ मध्ये आइसलँड प्रजासत्ताक झाले, तरी त्याचा वाङ्मयीन वारसा कोपनहेगनमध्येच राहिला. १९६१ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये डॅनिश संसदेने कायदा केला आणि न्यायालयीन वाद संपल्यावर ग्रंथ मायदेशी परतला. जुन्या सत्ताधाऱ्याने जुन्या अंकिताला त्याचा ठेवा आपण होऊन परत करावा, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत.

एवढ्या गांभीर्याने स्वीकारलेल्या या ग्रंथात काय आहे? त्यात ‘एड्डा’ या नावाने ओळखली जाणारी प्राचीन नॉर्स काव्ये आहेत. जगाच्या उत्पत्तीचे आणि अंताचे भविष्यकथन आहे. ओदिन या एकाक्ष देवाची ज्ञानवचने आहेत. आणि त्यातच एक काव्य असे आहे, की ज्यात मेघगर्जनेचा देव, राक्षसांचा काळ, लाल दाढीचा थॉर नववधूचा वेष करून वरातीने सासरी जातो.

ग्रंथ परतल्यानंतर आठ वर्षांनी, १९७९ मध्ये, तो परत करणाऱ्या डेन्मार्कमध्येच ‘वल्हाला’ या विनोदी चित्रकथामालेचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. चित्रकार पेटर मॅडसन तेव्हा जेमतेम विशीत होता. हेनिंग कुरे, हान्स रान्के-मॅडसन, पेर वाडमान असे लेखक त्याच्या सोबतीला होते. २००९ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांत, या मालेचे पंधरा भाग निघाले. त्यातले देव फुशारकी मारतात, रुसतात, खादाडपणा करतात, पैजा हरतात. ही माला वाचताना हसू येते हे खरेच. पण वाचक इतिहासाचा विद्यार्थी असेल तर हसू ओसरल्यावर एक प्रश्न मागे उरतो. हे हास्य आधुनिक मनाने जुन्या देवांवर लादलेले आहे, की ते त्या देवांच्या घरचेच आहे?

२

थॉरच्या वरातीची कथा थोडी सविस्तर पाहिली पाहिजे, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यातच आहे. थॉर झोपेतून उठतो तो हातोडा नाहीसा झालेला. हातोड्याविना देवलोक निराधार. लोकी या कारस्थानी, रूपे पालटणाऱ्या देवाने शोध केल्यावर कळते, की थ्रिम नावाच्या राक्षसाने तो जमिनीच्या पोटात आठ कोस खोल पुरून ठेवला आहे, आणि फ्रेया ही सौंदर्यदेवता वधू म्हणून मिळाल्याशिवाय तो परत करणार नाही. फ्रेया संतापते, तिच्या फूत्काराने देवांचे सभागृह हादरते आणि गळ्यातला प्रसिद्ध हार तुटून पडतो. मग हाइमडाल हा देवांचा पहारेकरी तोडगा सुचवतो: थॉरलाच वधू करावे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गळ्यात फ्रेयेचा हार, तोंडावर अवगुंठन. थॉर कुरकुरतो, की सगळे देव मला बायल्या म्हणतील. लोकी त्याला गप्प करतो आणि स्वतः करवली होऊन बरोबर निघतो.

विवाहाच्या मेजवानीत वधू एक अख्खा बैल आणि आठ मासे फस्त करते, वर मद्याची तीन पिंपे रिचवते. वर चकित होतो. करवली सांगते: सासरच्या ओढीने वधूने आठ रात्री अन्नाला स्पर्श केलेला नाही. वर चुंबनासाठी अवगुंठन उचलतो आणि तिचे जळजळीत डोळे पाहून दालनाच्या दुसऱ्या टोकापर्यंत मागे उडतो. करवली सांगते: आठ रात्री डोळ्याला डोळाही लागलेला नाही. अखेर वधूला आशीर्वाद देण्यासाठी हातोडा आणून तिच्या मांडीवर ठेवतात, आणि थॉरचे हृदय हसते. त्यानंतर त्या घरात कोणी जिवंत राहत नाही.

‘वल्हाला’ मालेचा दुसरा भाग, १९८० सालचा, याच काव्यावर उभा आहे. मूळ काव्य आणि चित्रकथा शेजारी ठेवून वाचली, की चित्रकाराला विनोदाची रचना शोधावीच लागली नाही, हे दिसते. दोनदा येणारा संशय, दोनदा तयार असलेले उत्तर, आठ या संख्येची पुनरावृत्ती, आणि शेवटी हास्याचे एका क्षणात संहारात होणारे रूपांतर, हे सारे सातशे वर्षांपूर्वीच्या चर्मपत्रावर आहे.

आणि हे काव्य एकटे नाही. त्याच ग्रंथात लोकी समुद्रदेव एगिरच्या मेजवानीत शिरून एकेका देवदेवतेचे बिंग फोडतो. दुसऱ्या एका काव्यात नावाड्याच्या वेषातला ओदिन आपल्याच पुत्राला, थॉरला, पैलतीरावरून टोमणे मारत राहतो आणि शेवटपर्यंत नाव आणत नाही.

३

यावर एक आक्षेप संभवतो, आणि अभ्यासकांनी तो घेतलाही आहे. हा ग्रंथ १२७० च्या सुमारास लिहिला गेला. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास. म्हणजे ही काव्ये लिहून ठेवणारे हात ख्रिस्ती होते. मग हे हास्य म्हणजे नव्या धर्माने जुन्या देवांची केलेली टिंगल नसेल कशावरून? थ्रिमचे काव्य बऱ्याच उशिरा रचले गेले असावे, असे मानणारे विद्वान आहेत. ते फार प्राचीन आहे, असे मानणारेही आहेत.

या वादात एक जुनी नोंद फार बोलकी आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात आरी थोर्गिल्सोन या इतिहासकाराने लिहिलेल्या आइसलँडच्या वृत्तांतानुसार, धर्मांतराच्या आदल्या उन्हाळ्यात ह्याल्टी स्केग्यासोन या ख्रिस्ती पक्षाच्या पुरुषाने भर लोकसभेत फ्रेयेचा अवमान करणारी दोन ओळींची कविता म्हटली, आणि देवनिंदेच्या गुन्ह्याखाली त्याला हद्दपारी भोगावी लागली. म्हणजे जुन्या समाजाला देवांविषयीचे सगळेच बोलणे सारखे वाटत नव्हते. मेजवानीतला थॉर त्याला चालत असेल; पण देवांना नाकारण्यासाठी केलेला विनोद त्याने अपराध मानला. घरातल्या माणसाने घरच्या वडीलधाऱ्याची केलेली थट्टा आणि परक्याने त्याच वडीलधाऱ्याचा केलेला उपहास, यांत शब्द एकच असू शकतात. भेद असतो तो नात्याचा.

थ्रिमच्या काव्यातले हास्य कोणत्या नात्याचे आहे? काव्य थॉरला नाकारत नाही. त्याचा हातोडा परत मिळाला नाही तर देवलोक राक्षसांच्या हाती जाईल, ही भीती काव्यात खरी आहे. श्रोता हसतो तो थॉर दुबळा आहे म्हणून नव्हे. एवढे सामर्थ्य एवढ्याशा अवगुंठनाखाली मावत नाही, म्हणून तो हसतो.

४

या हास्याला गद्यात अमर केले ते स्नोरी स्तुर्लुसोन याने. स्नोरी हा कवी, कायदेपंडित, धनिक आणि राजकारणी. ११७९ मध्ये जन्मलेला हा माणूस १२४१ मध्ये नॉर्वेचा राजा होकॉन याच्या इशाऱ्यावरून रेक्होल्ट येथील आपल्याच घराच्या तळघरात मारला गेला. सुमारे १२२० मध्ये त्याने लिहिलेली ‘एड्डा’ ही वास्तविक कवींसाठी केलेली पाठ्यपुस्तिका. जुन्या दरबारी कवितेतली रूपके देवकथांवर आधारलेली. कथा विसरल्या तर कविताच कळेनाशी होणार. म्हणून स्नोरीने तरुण कवींना बजावले, की ख्रिस्ती माणसाने या देवांवर विश्वास ठेवू नये, पण या कथा विसरूही नयेत. श्रद्धा संपल्यावरही कथा सांभाळण्याची जबाबदारी संपत नाही, हा विचार येथे एका पाठ्यपुस्तकाच्या व्यावहारिक गरजेतून जन्मला.

स्नोरीने सांगितलेल्या कथांत ऊटगार्डलोकीच्या किल्ल्याची कथा सर्वांत मोठी आणि सर्वांत विनोदी. थॉर आणि त्याचे सोबती राक्षसांच्या प्रदेशात जातात. रात्री ज्या प्रशस्त घरात ते आसरा घेतात, तो सकाळी एका राक्षसाचा हातमोजा निघतो. पुढे किल्ल्यात यजमान थॉरला ‘एवढासा’ म्हणून हिणवतो आणि पैजा लावतो. लोकी खाण्याच्या पैजेत हरतो. थॉरचा सेवक थ्याल्फी धावण्यात हरतो. थॉर तीन घोटांतही शिंगातले पेय संपवू शकत नाही, यजमानाच्या मांजराचा एकच पंजा कसाबसा उचलतो, आणि एका म्हाताऱ्या दाईशी कुस्ती खेळताना गुडघ्यावर येतो.

दुसऱ्या दिवशी निरोप देताना यजमान रहस्य सांगतो. लोकीशी खाण्यात स्पर्धा करणारा वणवा होता. थ्याल्फीशी धावणारा विचार होता. शिंगाचे दुसरे टोक समुद्रात होते, आणि थॉरच्या तीन घोटांनी समुद्राला ओहोटी लागली. मांजर म्हणजे जगाला वेढून असलेला महासर्प. त्याचा पंजा उचललेला पाहून सारे भयभीत झाले होते. आणि ती दाई म्हणजे वार्धक्य. तिच्यापुढे आजवर कोणी टिकलेला नाही. संतापून थॉर हातोडा उगारतो, तर समोर किल्लाच नाही. नुसते मोकळे मैदान.

या कथेतले हास्य दोन वेळा दिशा बदलते. आधी आपण थॉरला हसतो. मग कळते, की तो हरला नव्हता, आणि हसू विस्मयात बदलते. त्याहीनंतर कळते, की वार्धक्यापुढे तोही गुडघ्यावर आला होता, आणि विस्मयाला खिन्नतेची किनार लागते. नॉर्स देव अमर नाहीत. ‘राग्नारोक’ या अंतिम युद्धात ओदिनला लांडगा गिळणार आहे. थॉर महासर्पाला मारून नऊ पावलांवर स्वतः कोसळणार आहे. हे सर्व त्यांना आधीच ठाऊक आहे. ज्या देवांचा अंत ठरलेला आहे, त्यांच्याकडे पाहणाऱ्या हास्यात म्हणूनच तुच्छता येत नाही. आपल्यासारख्याच मर्त्याविषयी वाटणारी जवळीक येते.

५

मग हे हास्य मधल्या काळात गेले कोठे? एकोणिसाव्या शतकात युरोपातील राष्ट्रवादाला पूर्वजांची गरज भासली आणि नॉर्स देव पुन्हा बोलावले गेले. डेन्मार्कमध्ये उलेनश्लेगरने १८१९ मध्ये त्यांच्यावर काव्यमाला रचली. ग्रुन्टव्हिगने त्यांच्यात लोकशिक्षणाचे साधन पाहिले. जर्मनीत याकोब ग्रिमचा ‘जर्मन पुराणविद्या’ हा ग्रंथ १८३५ मध्ये निघाला. १८७६ मध्ये बायरॉइट येथे वाग्नरची चार संगीतनाट्यांची मालिका रंगभूमीवर आली. शिंगे असलेली शिरस्त्राणे, जी आज प्रत्येक मूल व्हायकिंगांची खूण म्हणून ओळखते, ती या प्रयोगाच्या वेषभूषेमुळे रूढ झाली. व्हायकिंग योद्धे ती घालत असल्याचा पुरावा नाही. या सर्व निर्मितीत कलादृष्ट्या थोर असे पुष्कळ आहे. पण देवांचा चेहरा गंभीर झाला. आणि या गांभीर्याचा वारसा पुढे ज्यांनी सांगितला, त्यांनी तो वंशश्रेष्ठत्वाच्या सेवेला जुंपला. नात्सींच्या एसएस दलाने रूनलिपीतील अक्षरांवरून आपले चिन्ह बनवले. उत्तर युरोपातून भरती केलेल्या त्यांच्या एका डिव्हिजनचे नाव ‘विकिंग’ होते. १९४० ते १९४५ या काळात डेन्मार्क आणि नॉर्वे त्याच सत्तेच्या टाचेखाली होते. ज्यांचे देव म्हणून मिरवले जात होते, तेच देश त्या मिरवणाऱ्यांचे गुलाम झाले.

या पार्श्वभूमीवर ‘वल्हाला’ मालेचे हास्य पाहिले, म्हणजे त्याचे मोल कळते. मॅडसनचा ओदिन वंशाचा आदिपुरुष वाटत नाही, प्रतिष्ठेला जपणारा घरचा म्हातारा वाटतो. थॉर बलदंड आहे, पण डोक्याने सावकाश. अमेरिकेत १९६२ मध्ये चित्रकथेत आलेला थॉर हा पिळदार महानायक होता. भारतात १९६७ पासून निघू लागलेल्या ‘अमर चित्रकथा’तील देवही आदरणीय नायकच होते. मॅडसनने मात्र ‘आस्तेरिक्स’सारख्या फ्रेंच चित्रकथांची वाट धरली, जेथे इतिहास पाठ्यपुस्तकाच्या व्यासपीठावरून खाली उतरून खेळू लागतो.

शिवाय त्याने कथेचा कोनही बदलला. या मालेचे खरे नायक देव नसून दोन मर्त्य भावंडे आहेत: थ्याल्फी आणि रोस्क्वा. स्नोरीकडे रोस्क्वाच्या वाट्याला नावापलीकडे जवळजवळ काहीच नाही; मॅडसनने तिला धीट, प्रश्न विचारणारी मुलगी केले. क्वार्क नावाचे एक खोडकर राक्षसपोर तर त्याने नव्यानेच निर्माण केले. देवलोक आपल्याला दिसतो तो या मुलांच्या डोळ्यांतून, म्हणजे ज्यांना देवांच्या घरची धुणीभांडी करावी लागतात त्यांच्या डोळ्यांतून. सत्तेला खालून पाहिले की ती नेहमीच थोडी हास्यास्पद दिसते.

हे स्वातंत्र्य अभ्यासाशिवाय घेतलेले नाही. मालेच्या पटकथा लिहिणारा हेनिंग कुरे जुन्या काव्यांच्या अभ्यासात इतका उतरला, की २००६ मध्ये नॉर्स सृष्टिकथांवर त्याचे स्वतंत्र पुस्तक निघाले. आणि मालाही वाढत्या वयाबरोबर बदलली. पहिल्या भागांतली धांदल शेवटच्या भागांत ओसरते. तेरावा भाग बाल्डर या निष्पाप देवाच्या मृत्यूचा. पंधरावा आणि शेवटचा भविष्यवादिनीच्या दृष्टांतांचा. हास्याने सुरू झालेला प्रवास, मूळ ग्रंथाप्रमाणेच, अंताच्या छायेत येऊन थांबतो.

पुढे अमेरिकेत रिक रायर्डनने २०१५ ते २०१७ या काळात तीन विनोदी कादंबऱ्यांची माला लिहिली. तिचा नायक मॅग्नस चेस हा बॉस्टनच्या रस्त्यावर राहणारा बेघर मुलगा. त्याच्या सोबत्यांत एक मूकबधिर यक्षवजा ‘एल्फ’ आहे, एक मुस्लिम मुलगी वल्कीरी आहे, आणि लोकीचे एक अपत्य असे आहे, की जे कधी स्वतःला मुलगा मानते, कधी मुलगी. जुन्या कथेत लोकी स्वतः घोडी होऊन आठ पायांच्या घोड्याची आई झाला होता, हे आठवले तर यात मूळ परंपरेला परके असे काही नाही. वंशशुद्धीच्या नावाने आजही काही गट याच देवांची चिन्हे मिरवतात. अशा वेळी हसत हसत वल्हालाचे दार सर्वांना उघडणे, ही साधी गोष्ट नव्हे.

६

भारतीय वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये. हातोडा धरणारा थॉर आणि वज्र धरणारा इंद्र, महासर्प आणि वृत्र, यांचे साम्य तौलनिक पुराणविद्येने फार पूर्वीच दाखवले. झॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच पंडिताने दोघांना एकाच कार्याचे देव मानले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील लबसूक्त परंपरेने सोम पिऊन बढाया मारणाऱ्या इंद्राचे मानले जाते; थॉरच्या तीन पिंपांची त्यावरून आठवण यावी. विराटपर्वात अंधाऱ्या नृत्यशाळेत द्रौपदीच्या जागी भीम वाट पाहत असतो आणि कीचक त्याला द्रौपदी समजून जवळ येतो, हा प्रसंग तर थ्रिमच्या मेजवानीचा सख्खा भाऊ शोभेल. मात्र कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या हाती १९०७ मध्ये त्याचे ‘कीचकवध’ नाटक झाले, तेव्हा प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला पाहिले, आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. पारतंत्र्यात त्या बीजाला हसणे परवडणारे नव्हते.

पण कोकणातल्या दशावतारी खेळात, देवळाच्या प्रांगणात, वेद पळवणारा संकासुर काळ्या वेषात येऊन भाविकांना पोट धरून हसवतो, आणि त्याच रात्री तेच भाविक देवापुढे हात जोडतात. नात्यातले हास्य श्रद्धेच्या आड येत नाही, याचा हा जिवंत पुरावा. आइसलँडमध्येही १९७३ मध्ये जुन्या देवांच्या उपासकांना अधिकृत धर्मसंस्था म्हणून मान्यता मिळाली. तेव्हा तेथेही हे देव आता केवळ ग्रंथातले राहिलेले नाहीत.

‘वल्हाला’चा पहिला भाग ज्या कथेने सुरू होतो, तिथेच अखेर आले पाहिजे. प्रवासात थॉर एका गरीब शेतकऱ्याच्या घरी उतरतो. घरात अन्न नाही, म्हणून तो आपल्या रथाचे दोन बोकड कापून सर्वांना जेवू घालतो. अट एकच: हाडे न मोडता कातड्यावर टाकायची. सकाळी हातोडा फिरवला की बोकड पुन्हा जिवंत होतात. पण शेतकऱ्याच्या मुलाने, थ्याल्फीने, मज्जेच्या लोभाने मांडीचे एक हाड फोडलेले असते, आणि एक बोकड लंगडत उठतो. त्याची भरपाई म्हणून थ्याल्फी आणि त्याची बहीण रोस्क्वा थॉरच्या सेवेत जातात.

पुराणकथांचेही असेच असते. प्रत्येक पिढी त्यांचे मांस खाते आणि प्रत्येक सकाळी त्या पुन्हा उठतात. ज्यांनी हाडांना हातच लावायचा नाही असे ठरवले, त्यांच्याजवळ अखेर कोरडी हाडे उरली, आणि काहींनी त्यांची शस्त्रे केली. ज्या पोराने मज्जेसाठी हाड फोडले, त्याच्यामुळे बोकड लंगडला खरा. पण त्या लंगड्या बोकडामुळेच एक मर्त्य मुलगा आणि त्याची बहीण देवांच्या कथेत शिरली, आणि त्यांच्यामागोमाग आपण वाचकही.